नववीच्या पोरांना छापील पेपर हाताळायला कसं शिकवायचं?

फळाखडू

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. वर्गात 46 मुलं. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड. मराठी शाळेपुरती आणि गल्लीपुरती. तरी बोलतात झकास.

जूनच्या शेवटी एका सकाळी वर्गात आले तर 19 जण. बाकीचे कुठे? ‘बाई, आज सुट्टी हाय ना. पेपरात आलंय.’ मग कळलं की आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर एक कात्रण फिरलं होतं. मथळा होता ‘अतिवृष्टीमुळे उद्या शाळांना सुट्टी’, खाली अडीच ओळी, बाजूला अर्धी छत्री. बाहेर ऊन असं, की मैदानातल्या नळाची तोटी हाताला चटका देत होती. कात्रण खोटं नव्हतं बरं का. अक्षर पेपरचंच, रकान्याची रेघही पेपरचीच. ते कधीचं आणि कुठल्या जिल्ह्याचं, एवढंच कुणीतरी कापून टाकलं होतं. आणि ज्यांनी मुलांना घरी ठेवलं, त्यातल्या एकाही घरात ‘तारीख कुठंय?’ हा प्रश्न निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरचा पेपर वर्गात नेला. तो तासच फसला. एका मुलाच्या हातात दिला तर म्हणाला, ‘उघडायचा कुठनं?’ पहिल्या पानावर ‘सविस्तर वृत्त पान 5 वर’ असं होतं. त्यानं पेपर उलटा करून मागचं पान बघितलं, मग पहिल्याच पानावर खाली 5 आकडा शोधत बसला. एकीनं पूर्ण पान उघडलं आणि तिला ते मिटताच येईना. शेवटी चादर गुंडाळतात तसं गुंडाळून माझ्याकडं दिलं. फोटोवर दोन बोटं ताणणारा एक होताच, पण तो मुद्दाम करत होता.

गंमत म्हणजे याच मुलांना परीक्षेत ‘बातमी लेखन’ आहे. सगळे न चुकता ‘आमच्या वार्ताहराकडून’ असं लिहितात. हा वार्ताहर कोण असं विचारलं, तर एक जण म्हणाला, ‘तसं लिहिलं की मार्क मिळतात.’

मुख्याध्यापक म्हणतात, स्मार्ट बोर्डवर ई-पेपर दाखवा, कागद कशाला. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. 35 मिनिटांची तासिका, आठवड्यातून एक. कुणी केलंय का असं काही? सुरुवात कुठून करू?

---

रात्रपाळी

बाई, मी सोलापुरात 28 वर्षं पेपरच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून मथळे द्यायच्या कामात काढली, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. आता निवृत्त आहे, म्हणून वेळही आहे आणि लांबण लावायची खोडही.

तुम्ही वाचनापासून सुरुवात केलीत, तिथं तास फसला. पहिल्या तासाला एकही बातमी वाचू नका. पेपर ही वस्तू म्हणून हातात द्या. शेवटचं पान, अगदी तळाची ओळ. मुंगीएवढ्या अक्षरात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात, कुठं छापलं त्याचा पत्ता असतो, आणि बातम्यांच्या निवडीची कायद्यानं जबाबदारी कुणावर तेही असतं. आम्ही तिला प्रिंटलाइन म्हणायचो. 1867 च्या कायद्यापासून ती सक्तीची आहे. तो कायदा जाऊन 2023 चा नवा आला, तरी नाव-पत्ता द्यायची सक्ती गेली नाही. मुलांना विचारा, या बातमीवर चिडलात तर भांडायला कुणाच्या दारात जाल? पत्ता सापडेल. मग तुमचं ते छत्रीवालं कात्रण पुढं ठेवा आणि तोच प्रश्न विचारा. पोरं गप्प बसतील. तुमच्या मुख्याध्यापकांना सांगायचं उत्तर तिथंच आहे. अख्खं पान कधी पाहिलंच नाही, तर त्यातलं काय कापलंय हे कळणार कसं?

आता हाताला लागणाऱ्या गोष्टी. पानाच्या वरची आणि खालची कड बोटानं चाचपायला लावा. बारीक करवतीसारखी लागते, कारण मशीनचा घडीवाला भाग धावता कागद दातेरी पात्यानं तोडतो. बाजूच्या कडा गुळगुळीत. काही पेपरांत कडेला सुईची भोकंही दिसतात. समासात कुठंतरी चार रंगांचे ठिपके सापडतील: निळा, गुलाबी, पिवळा, काळा. अख्ख्या पानातला प्रत्येक फोटो या चारच शाईंतून निघालेला. ठिपके नीट ओळीत नसतील त्या दिवशी फोटोतल्या पुढाऱ्याला दोन-दोन ओठ आलेले असतात. आम्ही म्हणायचो रंग सरकला. पोरांना भिंग द्या, आणि पुढचा अर्धा तास तुम्ही खुशाल बसून राहा.

पेपर उभा फाडून बघायला सांगा, मग आडवा. उभा सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा जातो, कारण कागदाचे तंतू रीळ धावतं त्या दिशेनं बसलेले असतात. आमचे जुने कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, कात्री न घेता उभं कात्रण असं काढायचे, की ब्लेडनं कापलंय वाटावं.

दुसऱ्या तासाला एकाच तारखेचे, एकाच नावाचे दोन अंक मिळवा, एक शहरातला आणि एक अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडचा. लांबच्या गावाची गाडी आधी सुटते, म्हणून ती डाक आवृत्ती आधी छापून होते. रात्री उशिरा झालेला अपघात शहराच्या अंकात असतो, गावाच्या अंकात नसतो. त्या जागी बहुतेक कुठलातरी सत्कार असतो. ‘पेपरात आलंय’ म्हणणाऱ्याला ‘कुठल्या गावच्या?’ असंही विचारावं लागतं, हे मुलांना तिथं कळतं.

आणि चूक. मुलांना चूक दाखवाच. माझीच सांगतो. पाणीपुरवठ्याची बातमी होती, मथळा ‘मंगळवारी पाणी नाही’. एका रकान्यात तो मावेना, म्हणून मी ‘मंगळवार पाणी नाही’ असा आवळला. माझी पाळी संपली. पुढच्याला वाटलं ‘पेठ’ राहिलंय, म्हणून त्यानं इमानेइतबारे दुरुस्ती केली, ‘मंगळवार पेठेत पाणी नाही’. सकाळी मंगळवार पेठेतल्या बायांनी घागरीपासून दुधाच्या पातेल्यापर्यंत सगळं भरून ठेवलं, आणि अख्खं शहर मंगळवारी कोरडं. आपल्याकडं चार-पाच दिवसांआड पाणी, त्यात हे. दिवसभर ऑफिसचा फोन खाली ठेवता आला नाही. बुधवारी आतल्या पानावर चार ओळींची चूकदुरुस्ती छापली. ती चूक आणि ती दुरुस्ती दोन्ही आजही फाइलमध्ये आहेत, मला पुसता येणार नाहीत. मोबाईलवरची बातमी दुपारी बदलते आणि सकाळी काय होतं ते कुणाला आठवत नाही. महिनाभरात किती चूकदुरुस्त्या आल्या आणि कुठल्या पानावर आल्या, हे मुलांना शोधायला लावा. चूक पहिल्या पानावर असते आणि माफी सातव्या, हेही त्यांच्या लक्षात येईल. येऊ दे.

शेवटचा तास कात्रीचा. प्रत्येकाला एक अंक आणि एक कात्री द्या. काम असं: खऱ्या बातमीचं खोटं कात्रण करा. एक अक्षर लिहायचं नाही, जोडायचं नाही, फक्त कापायचं. कुठली ओळ गेली की अर्थ उलटतो ते त्यांचं त्यांना सापडेल. स्वतःच्या हातानं एकदा कापलं, की दुसऱ्यानं कापलेलं डोळ्यात भरतं.

---

जुळे सोलापूरकर

लिहिता छान, पण थोडं खरं बोलू का? माझी मुलगी दहावीत आहे. ती आयुष्यात पेपर विकत घेणार नाही, मीही तीन वर्षांपूर्वी बंद केला. पहिलं पान उघडावं तर फ्लॅटची जाहिरात, तिच्या मागं सोन्याची जाहिरात, खरं पहिलं पान तिसऱ्या पानावर. वाढदिवसाच्या शुभेच्छांत बातमी शोधावी लागते. दातेरी कड आणि चार ठिपके मजेशीर आहेत, पण 35 मिनिटं त्यात घालवण्यापेक्षा फोटो कुठून आला ते मोबाईलवर कसं शोधायचं, हे शिकवा. तीस सेकंदांचं काम आहे.

दुसरं, छापलेलं म्हणजे खरं हे जे तुम्ही नकळत शिकवताय, ते धोक्याचं आहे. आमच्या वडिलांची पिढी त्यातच फसली. पैसे घेऊन छापलेल्या बातम्या काय मोबाईलनं आणल्या?

---

रात्रपाळी

जाहिरातींबद्दल शंभर टक्के मान्य, आमचे पगार त्यातूनच व्हायचे हेही मान्य. म्हणून तर त्याचाही तास घ्या. पट्टी द्या, जाहिराती मोजा. जाहिरात चौरस सेंटिमीटरवर विकली जाते, त्यामुळे पोरांना पानाचा हिशेब लगेच कळतो. बातमीसारखी दिसणारी जाहिरात ओळखायची खूण बहुतेक वेळा अक्षराचं वळण वेगळं असणं, आणि कोपऱ्यात कुणी वाचू नये अशा आकारात ‘जाहिरात’ हा शब्द असणं. आणि जिथं तो शब्दच नसतो, ती छापलेली लबाडी. तेही दाखवा.

मोबाईलवर फोटो शोधणं शिकवाच, दोन्ही करा. पण या वर्गात किती मुलांकडं स्वतःचा फोन आहे? बाईंनाच विचारा. वडील कामावर गेले की घरातला फोनही जातो.

---

लाईनवाला

मॅडम, मी पेपर टाकतो. बावीस वर्षं झाली. कशाला टेन्शन घेऊलालाव? अंक मी देतो. रोज दोन-चार राहतातच आणि सगळे परत जात नाहीत. रद्दीत मे महिन्यातले गठ्ठेपण आहेत, वेगवेगळे पेपर एकाच तारखेचे पायजेत तर तसे काढून ठेवतो. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, सगळे आहेत. लॉकडाऊनमध्ये घरोघर टाकणं बंद झालं, तेव्हा पीडीएफ मोबाईलवर फिरायला लागलं. तवाच बरीच घरं तुटली, परत आली नाहीत. म्हणून मला पण बरं वाटतंय कुणीतरी विचारलालंय म्हणून.

एक सांगू का? वर्गात विचारा की लाईन कोण टाकतंय. माझ्याकडंच नववीतली दोन पोरं आहेत. साडेचारला सेंटरवर येतात, पुरवण्या भरतात, सातच्या आत घरी. त्यांच्यापेक्षा चांगली घडी तुमच्या शाळेत कुणाला येत नसेल. तिसऱ्या मजल्यावर खालनं टाकतात, गॅलरीतच पडतो.

---

ग्रंथपाल काकू

मुलांना एकदा जवळच्या जुन्या वाचनालयात सकाळी नऊच्या आत घेऊन जा. तिथं पेपर शांतपणे वाचणारी म्हातारी माणसं बघणं हाही धडाच आहे. पान आधी कुणाला मिळणार यावरून बिनआवाजाचं भांडण चालू असतं.

आणि चार हुतात्मा चौकातून तुमची मुलं रोज जात असतील. स्वातंत्र्यलढ्यातल्या त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार होते, ‘गझनफर’ नावाचं पत्र ते चालवत. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेले. पुतळ्याखालून जाताना ‘पेपर काढणारा माणूस’ एवढी ओळख मुलांना असली, तरी पुरे.

---

फळाखडू

पाच आठवड्यांनी परत लिहितेय. सगळ्यांचे आभार, आणि उशिराबद्दल माफी. घटक चाचण्या आल्या मध्ये.

लाईनवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं वर्गात विचारलं. बराच वेळ कुणी हात वर करेना. मग मागच्या बाकावरचा एक हात अर्धा वर आला. हा तोच मुलगा, ज्याला मी पहिल्या तासाला डुलक्या घेतो म्हणून दोनदा बाहेर उभं केलं होतं. मला फार लाज वाटली. त्याला पुढं बोलावलं आणि घडी दाखव म्हटलं. त्यानं पेपर मांडीवर टाकला, तळहातानं एकदा मधोमध दाबला, पुन्हा दुमडला, एक कड दुसरीच्या आत सारली आणि झालं. चार सेकंदंसुद्धा लागली नसतील. मग मुलं म्हणाली फेकून दाखव. त्यानं दारातून समोरच्या वऱ्हांड्यात फेकला, तो बरोबर सातवी अच्या दारात. तिथले सर बाहेर आले, तो भाग सोडून देते. पुढचे दोन तास घडी त्यानंच शिकवली. आता त्याचं नाव ‘पेपर सर’ पडलंय आणि पहिल्या तासाला मी त्याला काही म्हणत नाही.

प्रिंटलाइनचा तास रात्रपाळी काका म्हणाले तसाच झाला, पोरं गप्प बसली. मग एकानं विचारलं, ‘बाई, मोबाईलवर जो पाठवतोय त्याचं नाव तर दिसतंय की.’ मी म्हटलं, तो पाठवणारा, लिहिणारा कोण? तर म्हणाला, ‘म्हणजे तो लाईनवाला.’ मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

सगळ्यात जास्त वेळ अडकलो ते उजनी धरणावर. मे महिन्याच्या रद्दीत एकाच दिवशीचे दोन पेपर निघाले. एकात ‘उजनी वजा 20 टक्के’, दुसऱ्यात ‘उजनीत अद्याप 53 टीएमसी पाणी’ (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). एक वाचून घाम फुटतो, दुसरं वाचून माणूस निवांत झोपतो. मुलांनी लगेच निकाल लावला, एक पेपर खोटारडा. एकीचा प्रश्न तर असा, ‘बाई, वजा पाणी म्हणजे धरणात खड्डा पडला का?’ मलाही नीट सांगता येईना. गणिताच्या सरांना हाताला धरून आणलं. त्यांनी फळ्यावर धरण काढलं. एकूण साठा साधारण 117 टीएमसी. त्यातलं खालचं 63.66 टीएमसी मृत साठा, आणि वरचं 53.57 उपयुक्त. पेपरातली टक्केवारी या वरच्याची. ते संपलं की शून्य, आणि खालच्यातलं वापरायला लागलो की वजा. 53.57 चे 20 टक्के 10.71. ते 63.66 मधून वजा केले तर 52.95. म्हणजे दोन्ही पेपर खरे! एकानं शून्य एका जागी ठेवलं, दुसऱ्यानं दुसऱ्या जागी. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटरहून जास्त, हे ऐकून मागून आवाज आला, ‘मग आमच्या गल्लीत पाच दिवसांनी का येतंय बे?’ त्यावर सरांकडंही गणित नव्हतं.

जुळे सोलापूरकर, तुमचंही ऐकलं. फोटो शोधायचा तास माझ्याच फोनवर घेतला. हात वर करायला सांगितले, तर 46 पैकी 11 जणांकडं स्वतःचा फोन. आणि ते छत्रीवालं कात्रण शोधून बघितलं तर त्याच बातमीची निदान सहा वेगवेगळी कात्रणं निघाली, सगळी कापलेली. पूर्ण पान एकही नाही.

अनपेक्षित गोष्ट घडली ती छोट्या जाहिरातींत. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका मुलीला ‘जाहीर नोटीस’मध्ये स्वतःच्या शेजारच्या घराचा नंबर दिसला. घर विकतायत, कुणाची हरकत असेल तर 14 दिवसांत कळवा. तिनं ती घरी विड्या वळत बसलेल्या आईला तेलुगूत वाचून दाखवली. आईनं म्हणे तेंदूपान तसंच खाली ठेवलं आणि थेट शेजारी गेली, कारण मधल्या भिंतीचा वाद जुना आहे. पुढं काय झालं ते मला माहीत नाही, पण आता त्या घरात आठवड्यातून दोनदा नोटिसांचं पान वाचलं जातं. बातम्या नाही हं, फक्त नोटिसा.

कात्रीचा तास गेल्या शुक्रवारी झाला. पोरांनी अशी काही कात्रणं केली, की मलाच धडकी भरली. ‘शिक्षकांच्या पगारात वाढ करण्याची मागणी फेटाळली’ यातला शेवटचा शब्द गेला, ‘मागणी’ गेली, ‘करण्याची’ गेली. उरलं ‘शिक्षकांच्या पगारात वाढ’. ते कात्रण मी नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात टाचणीनं लावलं, काही न बोलता. मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकांच्या खोलीत वाढ किती टक्के यावर वाद सुरू झाला होता. कुणी किती म्हटलं ते इथं लिहीत नाही, कारण त्यातले एक जण हे वाचतात.

आता एक नवीनच अडचण. कापलेल्या पेपरांचा हा ढीग झालाय, आणि रद्दीवाला तुकडे घेत नाही, पूर्ण पानंच द्या म्हणतो. शिपाईमामा रोज माझ्याकडं बघून उसासे टाकतात. कुणाला काही सुचतंय का?